बेताच्या पैशात हिऱ्याची पारख

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात दाना ओली नावाची जुनी वस्ती आहे. ओली म्हणजे गल्ली. १८१० साली दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ या बाजूस पडला. त्या तळाचेच पुढे शहर बनले आणि त्याला लष्कर हेच नाव चिकटले. फौजेबरोबर, दरबाराबरोबर आलेली मराठी घराणी येथल्या गल्ल्यांतून स्थायिक झाली. याच लष्करात सराफाही आहे. घरात मंगलकार्य निघाले, की वडीलधाऱ्या बायकांनी पदराची गाठ सोडावी आणि सराफ्याची पायरी चढावी, हा या घरांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा परिपाठ.

या परिपाठात सोन्याचा मान पहिला. सोन्याचा भाव रोज जाहीर होतो, कस लावता येतो, वजन डोळ्यांदेखत होते. अडीअडचणीला दागिना मोडला, तर घडणावळ तेवढी जाते. सोन्याचे पैसे हाती येतात. परंतु आता मध्यम स्थितीतल्या घरांतूनही हिऱ्याची हौस दिसू लागली आहे. मुलीच्या कुड्यांत, सुनेच्या मोरणीत, निदान एखाद्या अंगठीत हिरा असावा असे वाटते. तसे वाटण्यात गैर काहीच नाही. मात्र सोने घेताना उपयोगी पडणारे शहाणपण हिरा घेताना अपुरे पडते, आणि अनेक वर्षांच्या काटकसरीची पुंजी एका दुपारी चुकीच्या खड्यात गुंतून जाण्याचा संभव असतो.

हिऱ्याला सोन्यासारखा सर्वांना सारखा असा रोजचा भाव नसतो. एकाच वजनाच्या दोन हिऱ्यांच्या किमतींत कित्येक पटींचे अंतर पडू शकते. शिवाय विकत घेतलेला हिरा परत विकावयास गेले, तर दिलेली किंमत सहसा परत मिळत नाही. म्हणून बेताच्या पैशात हिरा घेणाऱ्याने आधीच मनाशी ठरवावे, की ही खरेदी हौसेची आहे, ठेवीची नव्हे. एवढे ठरले म्हणजे पुढचा विचार सोपा होतो. हौस डोळ्यांची असते. तेव्हा डोळ्यांना जे दिसते त्याचेच पैसे मोजावेत, आणि डोळ्यांना जे दिसू शकत नाही त्याची खात्री कागदावर करून घ्यावी. हिऱ्याच्या पारखेचे सारे सार या दोन वाक्यांत सामावलेले आहे.

डोळ्यांना दिसणारी पहिली गोष्ट म्हणजे तेज. ते वजनावर अवलंबून नसते, याचा मोठा बोलका दाखला मराठी मुलखाच्या इतिहासातच आहे. ‘नाशिकचा हिरा’ म्हणून जगभर ओळखला जाणारा हिरा पूर्वी त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानात होता, असे परंपरा सांगते. १८१८ साली पेशवाई बुडाली, त्या धामधुमीत तो इंग्रजांच्या हाती पडला. तेव्हा त्याचे वजन सुमारे ८९ कॅरट होते. भारतीय कारागिरांनी त्याला पैलू पाडले होते ते मूळच्या खड्याचे वजन शक्य तेवढे राखून. लंडनच्या जवाहिऱ्यांनी तो पुन्हा घासला, तेव्हा तो सुमारे ८० कॅरटांचा राहिला. पुढे १९४० साली हॅरी विन्स्टन या अमेरिकन जवाहिऱ्याने तो घेतला व पुन्हा पैलू पाडून ४३.३८ कॅरटांवर आणला. मूळच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक भाग भुकटी होऊन गेला, आणि तरीही या धंद्यातील जाणत्या माणसाने तो सौदा फायद्याचा मानला. कारण वजन गेले ते तेज मिळविण्यासाठी गेले. लाखांचे व्यवहार करणारा माणूस तेजासाठी वजन सोडतो. मग मोजक्या पैशांच्या ग्राहकाने वजनासाठी तेज का सोडावे?

हे तेज येते कोठून? हिऱ्यात शिरलेला प्रकाश मोठ्या कोनातून वळतो आणि आतल्या पैलूंवर आपटून पुन्हा माथ्यातून बाहेर पडतो. खालचे पैलू योग्य कोनात असतील, तरच हे घडते. खड्याची खोली प्रमाणाबाहेर असली, तर प्रकाश बाजूने निसटतो व मध्यभाग काळवंडलेला दिसतो. खोली फार कमी असली, तर प्रकाश तळातून निघून जातो आणि माथ्याखाली माशाच्या डोळ्यासारखे निस्तेज वर्तुळ उमटते. गोल हिऱ्याला साधारणतः ५७ किंवा ५८ पैलू असतात. त्यांची प्रमाणे कशी असावीत याचे गणित मार्सेल टोल्कोव्स्की यांनी १९१९ साली प्रसिद्ध केले. आजच्या घडणीचा पाया तेच गणित आहे. गोल हिऱ्याच्या प्रमाणपत्रात घडणीला एक्सलंट, व्हेरी गुड, गुड, फेअर आणि पुअर अशा पायऱ्या दिलेल्या असतात. पैसे थोडे असतील, तर इतर सर्व बाबतींत एकेक पायरी खाली उतरावे. घडणीत मात्र पहिल्या दोन पायऱ्यांच्या खाली उतरू नये.

दुकानातला उजेड हा या पारखेतला मोठा अडसर होय. सराफाच्या पेढीवर प्रखर दिव्यांची अशी योजना असते, की त्याखाली सामान्य काचही झगमगावी. म्हणून खडा दिव्याखालून बाजूला घ्यावा, दारापाशी किंवा खिडकीजवळ साध्या उजेडात धरावा आणि हळूहळू कलता करून पाहावा. चांगला हिरा अशा मंद उजेडातही जिवंत वाटतो. त्यातील उजळ व गडद भाग सतत जागा बदलतात. कलता केल्यावरही मध्ये एकच काळा डाग स्थिर राहत असेल किंवा खडा काचेसारखा आरपार रिकामा दिसत असेल, तर त्याचे वजन कितीही असो, तो बाजूला ठेवावा. एकच खडा पाहून निर्णय करू नये. दोनतीन खडे शेजारी ठेवले, की न शिकलेल्या डोळ्यालाही फरक कळतो.

यानंतर वजन. हिऱ्याचे वजन कॅरटमध्ये मोजतात. एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम, आणि कॅरटचा शंभरावा भाग म्हणजे बाजारातला सेंट. जुन्या घरांतून अजून रतीची भाषा चालते. परंतु रतीचे माप सर्वत्र एक नाही. तेव्हा व्यवहार कॅरटमध्येच बोलावा. आणखी एक घोटाळा शब्दाचा आहे. सोन्याचा कॅरट शुद्धता सांगतो, तर हिऱ्याचा कॅरट वजन सांगतो. ‘अठरा कॅरटची हिऱ्याची अंगठी’ म्हणजे अठरा कॅरटच्या सोन्यात जडविलेली अंगठी. हिरा त्यात कदाचित दहा सेंटचाही असेल. खडे घट्ट धरून राहावेत म्हणून अशा दागिन्यांना पुष्कळदा अठरा कॅरटचे, म्हणजे शेकडा ७५ टक्के शुद्धतेचे सोने वापरतात. घरातल्या बावीस कॅरटच्या पाटल्यांच्या हिशेबाने त्या सोन्याची किंमत धरू नये.

वजनाबरोबर हिऱ्याची किंमत सरळ प्रमाणात वाढत नाही. मोठे खडे दुर्मीळ असल्यामुळे कॅरटमागचा भावच चढत जातो. केवळ उदाहरणापुरते आकडे घेऊ या. एखाद्या प्रतीच्या अर्ध्या कॅरटच्या हिऱ्याचा भाव कॅरटमागे १ लाख रुपये धरला, तर तो खडा ५० हजारांना पडेल. त्याच प्रतीच्या पूर्ण एक कॅरटच्या खड्याचा भाव कॅरटमागे २ लाख असला, तर वजन दुप्पट झाले आणि किंमत चौपट झाली. या चढणीत पूर्ण आकड्यांपाशी, म्हणजे अर्धा कॅरट, एक कॅरट अशा ठिकाणी, भावाची उडी असते. कारण लोकांना तो आकडा हवा असतो. चांगल्या घडणीचा एक कॅरटचा गोल हिरा सुमारे साडेसहा मिलिमीटर व्यासाचा असतो आणि नव्वद सेंटचा सव्वासहा मिलिमीटरच्या आसपास. बोटात घातल्यावर हा पाव मिलिमीटरचा फरक कोणाच्याही ध्यानात येत नाही. बिलात मात्र तो ठळकपणे दिसतो. काटकसरी ग्राहकाने म्हणूनच पूर्ण आकड्याच्या किंचित खालचे वजन मागावे. खड्याचा व्यासही अवश्य मापून घ्यावा. फार खोल घडविलेल्या खड्याचे वजन पोटात दडलेले असते. त्याचे पैसे द्यावे लागतात, पण वरून तो लहानच दिसतो.

‘एकूण वजन’ हा शब्द ऐकताच कान टवकारावेत. दहा दहा सेंटचे दहा हिरे मिळून एक कॅरट होतो. पण त्यांची किंमत एक कॅरटच्या एका खड्याच्या जवळपासही नसते. ही गोष्ट उमजून घेतली, तर ती ग्राहकाच्या सोयीची आहे. लहान हिरकण्यांची फुलासारखी रचना केलेली कुडी थोड्या पैशात शोभिवंत दिसते. न उमजता घेतली, तर एका खड्याचा भाव अनेकांना दिला जातो. तसेच दागिन्याच्या एकूण वजनातून खड्यांचे वजन वजा करून मगच सोन्याचा हिशेब व्हावयास हवा. दागिना १० ग्रॅमचा असून त्यात २ कॅरटचे हिरे असतील, तर हिऱ्यांचे वजन ०.४ ग्रॅम आणि सोने ९.६ ग्रॅम. ही वजाबाकी झाली नाही, तर तेच वजन दोनदा विकले जाते.

रंगाच्या बाबतीत काटकसरीला चांगला वाव आहे. सर्वसामान्य पांढऱ्या हिऱ्यात पिवळसर किंवा तपकिरी झाक जितकी कमी, तितकी किंमत अधिक. प्रमाणपत्रात ही श्रेणी इंग्रजी अक्षरांनी दाखवितात; ‘डी’ म्हणजे सर्वथा वर्णहीन, आणि तेथून ‘झेड’पर्यंत झाक वाढत जाते. ‘डी’ आणि ‘जी’ यांतील फरक ओळखण्यास प्रयोगशाळेत नमुन्याचे खडे शेजारी ठेवावे लागतात. अंगावरच्या दागिन्यात तो फरक दिसणे कठीण. त्यातून आपल्याकडे कोंदण बहुधा पिवळ्या सोन्याचे. सोन्याची छटा खड्यात उतरतेच. तेव्हा त्यात ‘आय’ किंवा ‘जे’ श्रेणीचा हिराही खुलून दिसतो. रंग पाहावयाचा झाल्यास सुटा खडा पांढऱ्या कागदावर पालथा ठेवून बाजूने पाहावा. जुन्या बंद कोंदणातल्या खड्याखाली चकचकीत पत्रा बसविलेला असू शकतो. त्यामुळे त्याचा खरा रंग व खरी खोली या दोन्ही गोष्टी झाकल्या जातात. असा जुना दागिना घेताना ही गोष्ट विसरू नये.

आता राहिले आतले दोष. आपल्या जुन्या रत्नशास्त्राने बिंदू, रेखा, यव, काकपद अशा नावांनी ते वर्णिले असून त्यांवर शुभाशुभाची कल्पनाही लादली आहे. आजची रीत एवढेच पाहते, की दहापट मोठे दाखविणाऱ्या भिंगातून किती दिसते. काहीच न दिसल्यास खडा निर्दोष. पुढे ‘व्हीव्हीएस’, ‘व्हीएस’, ‘एसआय’ आणि शेवटी ‘आय’ असा उतरता क्रम लागतो. ‘व्हीव्हीएस’चा दोष जाणत्यालाही भिंगातून मोठ्या प्रयासाने सापडतो. बोटात घातलेली अंगठी कोणी भिंग लावून पाहत नाही. म्हणून साध्या डोळ्याला स्वच्छ दिसणारा ‘व्हीएस’ किंवा निवडून घेतलेला ‘एसआय’ हिरा हाच मध्यम ग्राहकाचा खरा मित्र होय. मात्र दोष कोठे आहे हे पाहावे. माथ्याच्या मध्याखालचा काळा ठिपका डोळ्यात भरतो. कडेजवळचा ठिपका कोंदणाच्या पकडीखाली झाकला जातो. चीर जर कडेपर्यंत पोचली असेल, तर धक्क्याने तेथे टवका उडण्याचा धोका असतो. असा खडा रोज वापरावयाच्या अंगठीसाठी घेऊ नये.

येथवर डोळ्यांचे काम झाले. आता जे डोळ्यांना दिसत नाही त्याकडे वळावयास हवे, आणि ते म्हणजे खडा मुळात कोणता आहे हे. याविषयीच्या समजुती फार जुन्या आहेत. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वज्रपरीक्षेचे प्रकरण आहे व उत्तम हिरा पाण्यावर तरतो असे त्यात म्हटले आहे. वास्तविक हिरा पाण्याच्या साडेतीन पटींहून किंचित जड असतो आणि तळाला जातो. घणाखाली खरा हिरा फुटत नाही, ही समजूत तर त्याहून घातक आहे. हिरा सर्वांत कठीण खरा, पण कठीण म्हणजे चिवट नव्हे. त्याच्या स्फटिकात ठरावीक दिशांनी चीर जाते आणि एका घावात त्याचे तुकडे होऊ शकतात. या कसोटीपायी घरातला खरा हिरा गमावण्याचीच वेळ यावयाची. खड्यावर फुंकर घातली असता हिऱ्यावरची वाफ तत्काळ विरते हे खरे. कारण हिरा उष्णता झपाट्याने वाहून नेतो. परंतु मॉइसनाइट नावाचा कृत्रिम खडाही ती वेगाने वाहून नेतो आणि उष्णतेवर चालणाऱ्या साध्या यंत्रालाही चकवितो. भिंगातून तिरकस पाहिल्यास मॉइसनाइटच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात. हिऱ्याच्या तशा दिसत नाहीत. झिर्कोनियाचा खडा तेवढ्याच आकाराच्या हिऱ्याहून पुष्कळ जड भरतो. सुटा असल्यास तो काट्यावर ओळखता येतो.

प्रयोगशाळेत तयार होणाऱ्या हिऱ्याची गोष्ट याहून निराळी आहे. १९५४ च्या डिसेंबरात अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या शास्त्रज्ञांनी प्रचंड दाब व उष्णता यांच्या साहाय्याने हिरा बनविला. आता भारतातही, विशेषतः सुरतेत, असे हिरे मोठ्या प्रमाणात बनतात. ते नकली नव्हेत. तोच कार्बन, तोच कठीणपणा, तेच तेज. साध्या डोळ्याला किंवा भिंगाला त्यांत व खाणीतल्या हिऱ्यांत भेद दिसत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेची उपकरणेच लागतात. फरक किमतीत आहे. त्यांचे भाव खाणीतल्या हिऱ्यांहून फार कमी आहेत, गेल्या काही वर्षांत ते आणखी उतरले आहेत आणि परत विकताना त्यांना मागणी अत्यल्प असते. शोभेसाठी उघडपणे घेतला, तर असा हिरा बेताच्या पैशात उत्तमच. तोच खाणीतला म्हणून गळ्यात पडला, तर ती शुद्ध फसवणूक होय.

म्हणून येथे कागदाला पर्याय नाही. जीआयए, आयजीआय यांसारख्या प्रयोगशाळांच्या प्रमाणपत्रात खड्याचे वजन, मापे, रंग, दोषांची श्रेणी आणि तो खाणीतला की प्रयोगशाळेतला हे नमूद असते. अनेक खड्यांच्या कडेवर तोच क्रमांक सूक्ष्म अक्षरांत कोरलेला असतो. सराफाकडून भिंग मागून तो प्रमाणपत्राशी पडताळून पाहावा. प्रमाणपत्राचा क्रमांक त्या प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर घालूनही तपासता येतो. दागिन्यावरचे हॉलमार्क आणि त्याबरोबरचा सहा अक्षरांकांचा क्रमांक ही केवळ सोन्याची ग्वाही आहे. त्यावरून हिरा चांगला ठरत नाही. बिलात सोन्याचे निव्वळ वजन, हिऱ्यांचे वजन, त्यांची प्रत, प्रत्येकाचा भाव आणि घडणावळ ही सारी वेगवेगळी लिहून घ्यावीत. दागिना परत दिल्यास हिऱ्याचे किती टक्के मिळतील, हेही तोंडी न ठेवता लेखी घ्यावे. जुन्या ओळखीचा सराफ असला, तरी असा कागद मागण्यात संकोच नसावा. उलट कागदाने ओळख टिकते.

ग्वाल्हेरच्या माणसाला आणखी एक मोह पडण्यासारखा आहे. त्याच्याच मध्य प्रदेशात पन्न्याच्या हिऱ्याच्या खाणी आहेत. तेथे लहान जमिनीचा पट्टा घेऊन खोदणाऱ्या मजुराला एका दिवसात हिरा सापडल्याच्या वार्ता वृत्तपत्रांतून येतात, आणि खाणीवरून थेट हिरा स्वस्तात मिळेल असे वाटू लागते. वस्तुस्थिती अशी, की सापडलेला हिरा पन्न्याच्या सरकारी हिरा कार्यालयात जमा करावा लागतो. तेथे त्याचे वजन व प्रत ठरते आणि त्याचा लिलाव होतो. सरकारचा भाग वजा होऊन बाकीची रक्कम शोधणाऱ्याला मिळते. तेथल्या बोलीत ‘उज्ज्वल’, ‘मैला’ अशा प्रती आहेत. कच्चा खडा घासल्यावर किती उरेल आणि कसा निघेल, हे अनुभवी व्यापाऱ्यालाही अंदाजानेच सांगावे लागते. पैलू पाडताना अर्धे वजनही जाऊ शकते. मग लिलाव चुकवून कोणी गुपचूप आणलेला खडा घरगुती ग्राहकाने घेणे, म्हणजे कायद्याचा धोका आणि काचेचा धोका हे दोन्ही एकाच वेळी पत्करणे होय.

या सर्वांचा क्रम लावला, तर दुकानात गेल्यावर गोंधळ होणार नाही. घरून निघतानाच रकमेची मर्यादा ठरवावी आणि ती सराफाला आधी सांगू नये. आधी खडे पाहावेत. खाणीतला की प्रयोगशाळेतला हा निर्णय पहिला. मग घडण उत्तम घ्यावी. रंग सोन्याच्या छटेला साजेसा, दोष साध्या डोळ्याला न दिसणारा, आणि या तिन्हींवर खर्च होऊन उरलेल्या पैशांत जेवढे बसेल तेवढे वजन. सामान्यतः लोक याच्या उलट करतात. आधी वजन ठरवितात आणि मग पैसे पुरेनात म्हणून घडण, रंग व निर्दोषता यांना कात्री लावतात. अशाने मोठा पण मंद खडा घरी येतो.

दाना ओलीतल्या घरात पहिल्या दिवशी शेजारणी त्या मोठ्या खड्याचे कौतुक करतील. पण वर्षानुवर्षे तो वापरणाऱ्या सुनेला त्याचा मंदपणाच सोबत करील. उलट तीस सेंटचा, नीट घडविलेला हिरा देवघरातल्या समईच्या उजेडातही हसेल. कार्य संपते, दिलेल्या पैशांचा आकडा विस्मरणात जातो आणि मागे उरते ते त्या खड्याचे पाणी. दागिना कधी मोडण्याची वेळ आलीच, तर सोने आपले मोल देईल, आणि पेटीत जपून ठेवलेला प्रमाणपत्राचा कागद हिऱ्याचे जे काही मोल येणे असेल ते देवविण्यास साह्य करील. पुढच्या पिढीच्या हाती दागिन्याबरोबर तो कागदही जावा, हे पाहणे ज्याने हिरा घेतला त्याचेच काम आहे.